धुक्यात वाजलेला डबा

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून चहा टाकायला जातो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी फौजी माणूस. जे दिसलं नाही त्याचा रिपोर्ट द्यायचा नाही, अशी आयुष्यभराची सवय! तरी हा एक रिपोर्ट इतकी वर्षं माझ्याकडे पडून आहे... आज नातू टाईप करून देतो म्हणाला, म्हणून सांगतो.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव घिवली, बोईसरहून समुद्राकडे. शेजारी अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, आणि आमच्याकडे आपलं तेच — होड्या नि वाळत घातलेले बोंबील. हिवाळ्यात कधी समुद्रावर दाट धुकं उतरायचं. मग घरातली बाई किनाऱ्यावर उभी राहून घासलेटचा रिकामा डबा बडवायची आणि त्या आवाजावर होडी आत यायची. खडकांमधून यायची प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून प्रत्येक घराचा ठेकाही वेगळा.

माझी जनाआत्या आमच्याकडेच राहायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा अशाच धुक्यात तिच्या नवऱ्याची होडी खडकावर फुटली. डबा तीच वाजवत होती. सासरचे म्हणाले, पोरीनं ठेका चुकवला. झालं! ती माहेरी आली ती कायमची, आणि पुन्हा कधी डब्याला हात लावला नाही. फक्त बोंबील निवडताना तिची बोटं सुपाच्या काठावर वाजायची. टक-टक-टक... टक-टक. तिला ते कळतही नसे. मला मात्र तो ठेका लहानपणीच पाठ झाला.

पुढे मी पुण्याजवळच्या अकादमीत कॅडेट म्हणून गेलो. गावातून अधिकारी व्हायला निघालेला पहिलाच! बोईसर स्टेशनवर निम्मं गाव पोचवायला आलं होतं. अकादमीत धावणं, पोहणं सगळं जमलं, पण मॅप रीडिंगमध्ये मी ढ. एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो असतो तर रेलिगेशन, म्हणजे ज्युनियर पोरांबरोबर अख्खी टर्म परत. बाबांना काय तोंड दाखवणार?

ती दुसरी परीक्षा जानेवारीत होती. सकाळी आम्हाला जोडीजोडीने डोंगरात सोडलं. माझा जोडीदार सुरिंदर, जालंधरचा. नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरल्या वेळेत शेवटच्या चेकपोस्टला पोचायचं. थोडं चाललो आणि असं धुकं आलं, की पुढचं झाडही दिसेना. मी हट्टाने होकायंत्राच्या मागे तासभर चाललो.

"ओए! तेरी राइफल!" सुरिंदर एकदम ओरडला.

मी रायफल छातीशी अडकवूनच दिशा बघत होतो! लोखंडाने सुई फिरवली होती. तासभर भलतीकडेच चाललो होतो, आणि आता उरली होती जेमतेम अर्ध्या तासाची वेळ. मी मटकन खाली बसलो. खोटं कशाला बोलू, रडायलाच आलं.

तेवढ्यात ऐकू आलं. टण-टण-टण... टण-टण.

आत्याच्या सुपावरचाच ठेका! आणि सुरिंदरनेही मान वळवली — हे महत्त्वाचं, नाहीतर मी माझ्या कानांनाच दोष दिला असता.

"ये सुबह-सुबह टीन कौन पीट रहा है?"

"चल," मी म्हणालो.

"किधर?"

"जिधर बज रहा है."

नकाशा उघडलाच नाही. आवाज सतत आमच्या पुढे होता. मग तो थांबला, आणि समोर चेकपोस्टचं निशाण! आमचे उस्ताद, म्हणजे शिकवणारे हवालदार, चहा पीत बसले होते. घड्याळ बघून म्हणाले, "पास."

माझं डोकं काही स्वस्थ बसेना. शेतात पाखरं हाकलायला डबे वाजवतात, तसलंच काहीतरी असणार. पुढच्या रविवारी सुरिंदरला ओढत तिथे नेलं. विचारलं तर तिथले गावकरी हसले. "पीक कवाच काढलं. आता कुनाची पाखरं हाकलायची?"

मे महिन्यात सुट्टीवर घरी आलो. जेवताना आई सहज म्हणाली, "तुजी आत्या पौषात येडी झाली व्हती. होड्या सगल्या घरात, धुकं नाय, काय नाय, आन् डबा घेऊन गेली किनाऱ्यावर. किती वेल बडवीत व्हती!"

"कधी?" मी विचारलं.

"सकालीच. संकष्टी व्हती, माजा उपास व्हता, म्हनून ध्यानात हाय."

भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटून बघितलं. तोच दिवस.

आत्या अंगणात बोंबील निवडत होती. विचारलं, का वाजवलास? "हात शिवशिवले," ती म्हणाली. "मला पन नाय ठावं." मग मी तिला सगळं सांगितलं. ती ना घाबरली, ना तिला नवल वाटलं. एकच विचारलं.

"पोरा... मी बरोबर वाजवला व्हता?"

"एक ठोका चुकला नाही, आत्या. त्याच्यावरच तर पोचलो."

तिने सूप खाली ठेवलं आणि मोठ्याने रडायला लागली. आई धावत बाहेर आली. "मी चुकले नव्हते गं, वयनी," आत्या म्हणत राहिली, "नव्हते चुकले."

दीडशेएक मैलांवरून डबा ऐकू कसा येतो? सुरिंदर फोनवर म्हणतो, त्यात विचारायचं काय, बुआ ने भतीजे को बुलाया, आत्याने भाच्याला हाक मारली. मला तसं सोपं नाही वाटत. वारा, दऱ्या, प्रतिध्वनी... सगळं लावून बघितलं, उत्तर नाही मिळालं.

पुढच्या हिवाळ्यात धुकं आलं, तेव्हा आईने डबा स्वतःहून आत्याच्या हातात दिला. आणि बोंबील निवडताना तिची बोटं परत कधीच वाजली नाहीत.