खुर्चीवर बसलेल्यानं रागवायचं नाही

नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना तर मुळीच नाही — त्यांच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर मग काय... तर मग ऐकाच.

मी मराठीची शिक्षिका. आता निवृत्त झाले. नागपुरात मनीषनगरकडच्या एका शाळेत शिकवायची. पोरं मला घाबरायची, पण माझ्या तासाची वाटही पाहायची, हेही तितकंच खरं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. सासूबाई म्हणायच्या, भाजीत तिखट कमी पडलं तर हिला नुसतं दोन शब्द बोलायला सांगा. मी हसायची. मला त्याचा अभिमान होता — लपवू कशाला?

तर व्याकरणाचा तास. जेवणाच्या सुट्टीनंतरचा, त्यात नागपूरचं ऊन. विधानार्थी वाक्य, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी — फळ्यावर लिहून मागे वळावं तर अर्धा वर्ग पेंगतोय. अलंकार शिकवायला घेतले की उरलेला अर्धाही झोपला. कुणाला दोष देणार? म्हणून मी एक खेळ काढला. वर्गासमोर एक खुर्ची ठेवायची. त्यावर एक जण बसणार. माझ्याकडे खडू ठेवायचा स्टीलचा डबा, त्यातच चिठ्ठ्या. दुसऱ्यानं येऊन दोन चिठ्ठ्या काढायच्या — एकीवर वाक्याचा प्रकार, दुसरीवर अलंकार — आणि खुर्चीवर बसलेल्याबद्दल तसं एक वाक्य तिथल्या तिथे तयार करायचं. जमलं तर गुण.

नियम दोनच. गुण वाक्याला, माणसाला नाही. आणि खुर्चीवर बसलेल्यानं रागवायचं नाही.

बाप्पा, काय रंगायचा तो खेळ! रोशन नावाचा एक पोरगा होता, दप्तरात सगळी पुस्तकं रोज कोंबून आणायचा. त्याच्यावर एकीला प्रश्नार्थी आणि अतिशयोक्ती आलं. ती म्हणाली, "काय गा रोशन, तुझं दप्तर उतरवाले क्रेन बोलावली होती का?" रोशनच सगळ्यात जास्त हसला. अतिशयोक्ती म्हणजे काय, हे त्या वर्गातलं एकही पोर पुढे विसरलं नसेल. मी चांगली शिकवायची हो. हे मुद्दाम सांगतेय, नाही तर तुम्ही म्हणाल, बाई वाईटच होती. वाईट नव्हते. म्हणूनच तर सांगायला जड जातं.

आठवीच्या त्या वर्गात एक मुलगी मधूनच आली. श्वेता. खापा गावची. शिकायला मामाकडे राहिली होती. दिसायला साधी, अभ्यासात मधली, पण हसणं! पोरगी हसायची तेव्हा शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. पोटापासून हसायची, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. हसता हसता शेजारणीच्या पाठीत गुद्दे घालायची. तिच्या हसण्यानं बाकीचा वर्ग हसायचा — विनोद काय झाला हे कळायच्या आधीच.

खेळात पहिल्यांदा खुर्चीवर मीच बसायची. पोरांना धीर यावा म्हणून. आणि पोरं माझ्यावर वाक्यं करायची तीही जपून — मॅडम फुलासारख्या, मॅडम चंद्रासारख्या. त्या दिवशी श्वेता आली, डबा हलवला, चिठ्ठ्या काढल्या. विधानार्थी, अतिशयोक्ती. तिनं क्षणभर वर पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम वर्गात आल्या का पंखाई विचारून फिरते."

वर्ग फुटला. अक्षरशः फुटला. कुणी बाकं वाजवली, कुणी पोट धरलं. आणि श्वेता स्वतः — तिचं ते हसणं — थांबेचना. मीही हसले. हसावंच लागलं. "शाब्बास, पूर्ण गुण," म्हणाले. वाक्य खरोखर उत्तम होतं. मी इतकी वर्षं शिकवलं, त्यात इतकं नेमकं वाक्य एखाददुसरंच ऐकलं असेल.

पण मला लागलं. का लागलं? पोरगी खोटं बोलली होती का? तिनं अपमान केला होता का? नाही. वर्गातलं सगळ्यात चलाख वाक्य माझं नव्हतं, एवढंच झालं होतं. खाप्याहून आलेल्या पोरीचं होतं. बस. इतकं साधं, इतकं कोतं कारण आहे ते. मी फार शोधलं, दुसरं सापडलं नाही.

"आता तू बस," मी म्हणाले. आणि डब्यात हात घातला — मी स्वतः. एरवी चिठ्ठ्या पोरं काढायची. विधानार्थी आणि उपमा निघालं. डबा माझ्या हातात होता, आतला खडू खडखड वाजला. मी म्हणाले —

सांगते. थांबा जरा.

"श्वेताचं हसणं रिकाम्या डब्यात गोटे हलवल्यासारखं खडखडतं."

आधी कुणी हसलं नाही. मग मी डबा कानाशी धरून हलवला. हो, हलवला. तेव्हा हसले. आणि मी तिथे थांबले नाही. मराठीची बाई ना मी! वळले, आणि फळ्यावर ते वाक्य सोडवून दाखवलं. उपमेय — श्वेताचं हसणं. उपमान — डब्यातले गोटे. साधारण धर्म — खडखडणं. साम्यवाचक शब्द — सारखं. खाली रेघा मारल्या. "बघा, चारही अंगं आली. ही पूर्णोपमा." पोरांनी वहीत उतरवून घेतलं. श्वेता खुर्चीवर बसून होती. रागावली नाही. नियमच होता तसा. तिनं ओठ मिटून घेतले आणि फळ्याकडे पाहत राहिली. पुढच्या तासाच्या सरांनी फळा पुसेपर्यंत ते तसंच होतं.

तिचं नाव 'डबा' पडलं. आठवडाभरात. ती पाणी प्यायला निघाली की पोरं टिफिनची झाकणं वाजवायची. सुरुवात रोशननं केली, हे खरं. मी व्हरांड्यातून जाताना ऐकायची. दटावलं का? एकदा हळूच म्हटलं, "ए, पुरे." पंखा विचारून फिरायचा माझ्यापुढे म्हणे! झाकणं काही थांबली नाहीत.

श्वेताचं हसणं मात्र थांबलं. हसू आलं की हात तोंडावर जायचा. मग हाताची गरज राहिली नाही — खांदे हलायचे तेवढे, आवाज नाही. शेजारच्या वर्गातले सर एकदा मला म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्ग अलीकडे शांत झाला. कशी जमवली जादू?" मी म्हणाले, "जमवावी लागते."

दिवाळीनंतर तिचा मामा शाळेत आला. भला माणूस. आवाज चढवला नाही. मोठ्या मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, एवढंच म्हणाला, "पोरगी घरी बोलूनच नाही राहिली. शाळेत येत नाही म्हणते. काहून, ते सांगा." नाव कशावरून पडलं ते त्याला अर्धवट कळलं होतं — कुणीतरी वर्गात डब्याचं वाक्य केलं म्हणून. मोठ्या मॅडम त्याला घेऊन थेट माझ्या वर्गात आल्या. मी शिकवत होते. त्यांनी वर्गाला विचारलं, "श्वेताबद्दल ते वाक्य कोणी केलं?"

सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं. एकजात सगळ्यांनी. मग एकेक मान खाली गेली.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "रोशन, उभा राहा."

रोशन उभा राहिला. म्हणाला, "झाकण मी वाजवलं मॅडम. ते वाक्य माझं नाही." "मग कोणाचं?" मोठ्या मॅडमनी विचारलं. त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो, वाट पाहावी तसं. आता मॅडम सांगतील, असं. मी हातातला खडू फिरवत होते. म्हणजे रोशनला पुरता वेळ मिळाला, मला पुरता वेळ मिळाला, कुणी म्हणू शकणार नाही की घाईत झालं.

मग मोठ्या मॅडम श्वेताकडे वळल्या. "बेटा, तूच सांग. घाबरू नको. कोण म्हणालं होतं?"

श्वेता उठली. मामा दारात उभा. तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हाव मॅडम. रोशननंच म्हटलं."

काहून म्हटलं असेल तिनं? मला वाचवायला? की तेवढ्याशा वयात तिला कळलं होतं, की मराठीच्या बाईचं नाव घेतलं तर उरलेलं वर्ष याच वर्गात बसायचं आहे? मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की सुटले म्हणून माझा श्वास मोकळा झाला. लाज नंतर आली. आधी सुटका आली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी रोशननं सगळ्या शाळेसमोर माफी मागितली. न केलेल्या वाक्याची. उरलेलं वर्ष तो माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसला, हात कधी वर केला नाही. मी खेळ बंद केला असेल असं वाटतं तुम्हाला? नाही. निवृत्त होईस्तोवर खेळले. इतर शाळांतल्या शिक्षकांना प्रशिक्षणातही शिकवला, टाळ्या घेतल्या. एका बाईंनी विचारलंही, "यात पोरं एकमेकांचं मन दुखवत नाहीत का?" मी म्हणाले, "बाई खमकी असली की नाही होत तसं."

या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या कपाटाला प्लायवूड पाहायला लकडगंजला गेले. दुकानात काउंटरवर एक बाई बसलेली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. "अव माय, मॅडम!" म्हणत उठून पाया पडली. श्वेता. नवऱ्याचं दुकान. पोरीला हाक मारून आतून बोलावलं, दहाएक वर्षांची असेल. "या आमच्या मराठीच्या मॅडम. खुर्चीचा खेळ सांगितला होता नं तुले?"

पोरीचे डोळे चमकले. "त्या? पंखा विचारून फिरते, त्या मॅडम?"

आणि ती हसली. मान मागे टाकून, पोटापासून, सगळे दात दाखवून. दुकानातले हमाल वळून पाहायला लागले. मला तो आवाज कुठेही ओळखता आला असता.

"हळू वं," श्वेता पटकन म्हणाली. "हळू हास. लोकं पाहून राहिले."

पोरीनं तोंडावर हात ठेवला.

श्वेतानं चहा मागवला. मी घेतला. प्लायवूडचे नमुने पाहिले, गुडघेदुखीच्या गोष्टी केल्या. पोरगी समोरच बसली होती. त्याच वेळी सांगता आलं असतं — पोरीलाच सांगता आलं असतं, की हास बाई, मोठ्यानं हास. मी तेही म्हणाले नाही. निघताना श्वेता गाडीपर्यंत सोडायला आली.

रोशन कुठे असतो, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. ते वाक्य त्याचं नव्हतं. माझं होतं.