शेवटच्या ओळीची चाल

आमच्या शेजारचे व्हायोलिनवाले गुरुजी प्रत्येक वाक्यानंतर "बराबर?" विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. धावड्याकडच्या डोंगरातली गाणी ऐकून त्यांनी अल्बम काढला. त्यातलं हळद दळतानाचं गाणं एका म्हातारीचं. शेवटच्या ओळीची चाल ती विसरली होती. "आठवली की सांगते, गुर्जी," म्हणाली आणि न सांगताच वारली. मग अल्बमसाठी गुरुजींनी ती चाल स्वतःच लावली.

यंदा तिच्याच नातीच्या हळदीला आम्ही दोघं गेलो. बायका जात्यावर तेच गाणं म्हणत होत्या, गुरुजींच्या शेवटासकट. गुरुजींनी कपबशी खाली ठेवली आणि जात्याजवळ गेले.

"ही शेवटची चाल तुमची न्हाई. मी लावली."

म्हातारीची सून हसली. "काय बोलून राह्यले, गुर्जी? आमची सासू असंच म्हणायची."

आम्ही जालन्याला परतलो.

आता ते गाणं वाजवताना गुरुजी शेवटच्या ओळीपाशी तारांवरून गज उचलतात आणि थांबतात. भिंतीअलीकडे मी ती मनात पुरी करतो, त्यांच्याच चालीत. दुसरी मला येत नाही.