कोऱ्या चिठ्ठीचा कीटक: बोरिवलीचा की मुलुंडचा?

कीटक शोधायला जाणार असाल तर एक सांगते, सोबत शिसपेन्सिल न्या. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका कॉलेजात संशोधन करताना मी चिठ्ठी बॉलपेनने लिहिली आणि माझी पार वाट लागली.

बाटलीत होता एक स्टोनफ्लाय. याची पिल्लं ओढ्यात दगडांखाली वाढतात. मोठा झाला की पंख पाठीवर चपट मिटून काठच्या पानांत बसतो. हा नर अजून कोणी वर्णन न केलेल्या जातीचा, अशी आमच्या सरांची खात्री. आकृती काढून झाली, शेपटाकडचा हुकासारखा आकडा न् आकडा मोजून झाला. पण कुठे सापडला, कोणाला सापडला, हे सांगणारी चिठ्ठी अल्कोहोलमध्ये धुऊन कोरी! अल्कोहोल निळं, कागद पांढरा. त्या महिन्यात आम्ही दोनच ओढ्यांवर गेलो होतो, बोरिवली आणि मुलुंड. वहीत मी नुसतंच ‘नर, एक’ लिहून मोकळी झालेली.

“ठिकाण नाही तर पेपर नाही,” सर म्हणाले. “परत जा. तसाच दुसरा नर जिथे मिळेल, ते ठिकाण.”

सोबत आले आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई तावडेमामा, मूळचे मालवणकडचे; आधीच्या दोन्ही फेऱ्यांनाही तेच होते.

शनिवारी बोरिवली. स्टेशनच्या पूर्वेला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत चालत गेलो. पुढे कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चांगलाच चढ आहे, पाणी भरून घ्या. ओढ्यावर पद्धत सोपी: फांदीखाली उलटी छत्री धरायची आणि फांदी काठीने झोडपायची. दुपारपर्यंत दोन नर पडले. मी नाचायचीच बाकी होते!

मामांनी भिंगातून पाहिलं. “हो तो न्हय. तो किडो मुलुंडाचो. माका बरा आठवता, माझी चप्पल व्हावान गेली थंय.”

“मामा, चपलेचं सोडा ना! मीच पकडला होता, मला माहीत नसणार?” मी फटकन बोलले. त्यांनी भिंग मला परत दिलं. चपाती आणि सुक्या जवळ्याची चटणी आम्ही दोन वेगवेगळ्या दगडांवर बसून खाल्ली.

रविवारी मुलुंड. नकाशात बोरिवलीच्या पाठीला पाठ लावून दिसतं, पण मध्ये डोंगर. दादरला गाडी बदलून पुन्हा वर यायचं. पश्चिमेला शेवटच्या चाळी संपल्या की ओढा लागतो. मामा कोणाला वाट न विचारता पुढे चालत होते. एका वाकड्या उंबरापाशी थांबले.

“ह्या फांदयेर गावलो माका. तू थंय वर डबो खात होतंस.”

मी चक्रावलेच. मला तर पान आठवत होतं, पंखांवरचं ऊनसुद्धा आठवत होतं. पण नीट आठवायला गेले की समोर यायची ती मी काढलेली आकृतीच. डबा खाल्ल्याचं मात्र आठवलं, त्यात कांदेपोहे होते. म्हणजे खरं काय?

चारच्या सुमाराला त्याच फांदीवरून एक नर छत्रीत पडला. मामा हसले, पण ‘बघ, सांगलंय ना’ असं काही म्हणाले नाहीत.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली घोळ मिटला. बोरिवलीचे दोन्ही भलत्याच जातीचे. मुलुंडचा आकड्याला आकडा जुळला. सर खूश. “झकास! ठिकाण मुलुंड. आणि पहिला नर पकडला कोणी? पेपरात त्याचं नाव जाईल.”

मामा मागे मोरीत काचसामान धूत होते. त्यांना ऐकू जात होतं.

“मी,” मी म्हणाले.

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. पेपर छापून आला तेव्हा मी त्यांना पेढा दिला, तर म्हणाले, “बरा झाला गो बाय, तुझा नाव झाला.” मला मान वर करवेना.

मुलुंडला अजून जाता येतं, पाऊस संपल्यावर जा. मी त्यानंतर गेले नाही. सर विचारत होते तेव्हा मी खरंच गोंधळले होते, की गोंधळलेलं राहणं माझ्या सोयीचं होतं? मामा होते तोवर त्यांच्याशी हे बोलायचा धीर झाला नाही. आता ते नाहीत, आणि मला लाज वाटते.