पेटीतल्या रायफलीची उजवी बाजू

ही घटना विसरू म्हटलं तरी मी विसरणार नाही, आणि गंमत अशी की तिची नोंद कुठल्याच ठाण्याच्या स्टेशन डायरीत नाही. फौजदार म्हणून भरती झालो, उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि त्यानंतर लेकीकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला राहायला गेलो. जावई तिथल्या मोटार कारखान्यात इंजिनीअर. हद्द माझी नव्हती, भाषा माझी नव्हती, अंगावर वर्दी नव्हती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, तसे माझे दिवस चालले होते.

खबर लेकीने आणली. "बाबा, शेजारच्या आजोबांनी त्यांच्या बेस्ट फ्रेंडला घराबाहेर काढलंय. फेराईनमध्येही जात नाहीत आता. काहीतरी रायफलचं मॅटर आहे. बघता का जरा?"

फेराईन म्हणजे तिथला नेमबाजांचा क्लब. हे आजोबा आणि त्यांचा मित्र तरुणपणापासून तिथे जोडीने जात. आजोबांनी लग्नानंतर लगेच एक अमेरिकन बनावटीची लिव्हर रायफल घेतली होती. चापाखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की काडतूस चढतं, त्या जातीची. खास आवृत्ती, नक्षीकाम केलेली, लाल मखमलीच्या पेटीत. आजोबांनी ठरवलं होतं, हिच्यातून एकही गोळी उडवायची नाही. मित्र म्हणे, बंदूक उडवायला असते, पूजेला नव्हे. या एका वादावर दोघांची उभी हयात मजेत गेली.

मग जुन्या शस्त्रांचा एक पारखी घरी आला. त्याने नळीत डोकावून सांगितलं, "ही कोरी नाही. भरपूर वापरलेली आहे." आदल्या वर्षी आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती काही आठवडे मित्राकडे ठेवली होती. त्याच्याकडे परवाना होता. झालं! संशयित एकच, हेतूही उघड.

मी आधी मित्राला गाठलं. त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत चौकशी सुरू झाली. दुभाषे आमचे जावई. मी विचारलं, "रायफल तुम्ही उडवलीत का?" जावयांनी त्याचं जर्मन करायला एवढा वेळ घेतला की माझी कॉफी निवत आली.

"जावईबापू, मी एवढं विचारलं?"

"बाबा, इथे डायरेक्ट असं विचारत नाहीत. थोडं वेदरवरून सुरू केलं."

"तुम्ही तुमच्या पद्धतीने विचारा. उत्तर मात्र आहे तसं सांगा."

उत्तर आलं, "माझ्याकडे होती तेव्हा मी पेटी उघडलीसुद्धा नाही." मग कोणी उडवली, असं विचारल्यावर गडी खिडकीबाहेर बघत बसला. वैतागला नाही, शपथा घेतल्या नाहीत, कोणाकडे बोट दाखवलं नाही. आयुष्यभर जबाब घेतल्याने एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. स्वतःचं पाप लपवणारा माणूस फार बोलतो. दुसऱ्याचं गुपित राखणारा गप्प बसतो. बाहेर पडताना मी जावयांना म्हटलं, "याला माहीत आहे. पण हा तो नव्हे."

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे गेलो. त्यांनी लोखंडी तिजोरीतून पेटी काढली आणि झाकण उघडलं. रायफल खरोखर देखणी होती, दस्त्याचं लाकूड आरशासारखं चकचकीत. मी हात मागे बांधून उभा राहिलो. परवान्याशिवाय शस्त्राला हात लावायचा नाही, ही सवय हद्द बदलली तरी सुटत नाही.

"रोज पुसता?" मी विचारलं.

"वरूनच," जावयांनी भाषांतर केलं. "उचलत नाहीत. बोटांचे ठसे उठतात म्हणून."

"म्हणजे दुसरी बाजू कधी बघितलीच नाही?"

 आजोबांनी पांढरे हातमोजे चढवले, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि ती हलकेच उलटी केली. उजव्या बाजूला, दस्त्यावर गाल टेकतो त्या जागी, लाकडाची चमक गेली होती. तळहाताएवढा मऊ, मातकट डाग होता. तो चार-दोन आठवड्यांत पडणारा नव्हता. कोणाचा तरी गाल तिथे वर्षानुवर्षं टेकला होता.

आणि मला एकदम आमचं प्रशिक्षण केंद्र आठवलं. थ्री-नॉट-थ्री रायफलीचा तो खांद्याला बसणारा धक्का, फायरिंग रेंजवरची धूळ आणि आमच्या तुकडीतला एक डावखुरा शिपाई. बोल्ट, म्हणजे गोळी चढवायची खिट्टी, उजव्या अंगाला, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर बिचारा रायफल खांद्यावरून उतरवायचा. उस्ताद ओरडायचे, "सरकारनं रायफल उजव्यांसाठी बनवलीय रे, तू कुठनं आलास?" डाव्या खांद्याला लावायचा, म्हणून त्याचा गाल कायम दस्त्याच्या उजव्या बाजूला. या लिव्हर रायफलीची कडी मात्र मधोमध. डाव्या-उजव्याला सारखीच.

मी विचारलं, "या घरात डावखुरं कोण होतं?"

जावयांना भाषांतर संपवावं लागलं नाही. आजोबा खुर्चीत बसले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कात्री लटकत होती, डाव्या हाताची. तिच्याकडे बघत म्हणाले, "माझी बायको." बाई काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्याही क्लबच्या सभासद, त्यांच्याकडेही परवाना, तिजोरीची किल्ली दोघांकडे.

मित्राला बोलावून घेतलं. आता गुपित उरलंच नव्हतं, तेव्हा तो बोलला. "तुझी दुपारची शिफ्ट असायची, तेव्हा घेऊन यायची. क्लबातल्या सगळ्या रायफली उजव्यांच्या. ही एकच तिच्या हाताला बसायची. मग साफ करून, पुसून, होती तशी ठेवायची. म्हणायची, त्याला कोरी वाटतेय ना, वाटू दे. मला शपथ घातली होती."

"पण ती मला का नाही बोलली?"

"आल्झो, म्हणजे तसं नाही," मित्र म्हणाला. "बोलली होती. एकदा. मला उडवू दे म्हणाली, तू हसण्यावारी नेलंस."

आजोबांना ते आठवलं असावं. त्यांनी हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी तो डाग चाचपला.  जावई चष्मा पुसायच्या निमित्ताने बाल्कनीत गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला रेंजवर नेलं. उजव्या हाताचा हा माणूस, पण त्याने रायफल डाव्या खांद्याला लावली आणि त्या डागावर गाल ठेवला. एकही गोळी लक्ष्याला लागली नाही. मित्र मोठ्याने म्हणाला, "सगळ्या बाहेर!" आजोबांनी "जा, जा" म्हणून मान हलवली, पण गाल काही उचलला नाही. मित्र मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

नोकरीत मी कितीतरी मुद्देमाल कापडात बांधून, लाखेची मोहोर लावून जपला. सील शाबूत असलं की वस्तू शाबूत, हा आमचा हिशेब. जपणारा माणूस वस्तूची एकच बाजू बघत राहतो आणि त्यालाच जपणं समजतो, हे मला त्या घरात कळलं. पंचनामा करताना हाताखालच्यांना मी नेहमी सांगायचो, वस्तू उलटी करून बघा. माणसांच्या बाबतीतही ते सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

तो पारखी पुन्हा आला होता म्हणे. दस्त्याला पॉलिश केलं तर डाग निघून जाईल, म्हणाला. आजोबांनी त्याला दार दाखवलं. रायफल आता दर आठवड्याला उडते, आणि रेंजवरून आली की पेटीत उजवी बाजू वर करून ठेवली जाते.