मार्सेलीनबाईंची चोरी

मार्सेलीनबाईंनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाची टाचणीसुद्धा उचलली नव्हती, आणि त्या दिवशी त्या चक्क चोरी करायला निघाल्या होत्या. तेही चर्चच्या सहलीच्या बसने जाऊन, चाळीस म्हाताऱ्यांच्या देखत. पर्समध्ये हातरुमालात गुंडाळलेला एक जुना चमचा होता.

इव्हतो गावात बाईंना सगळे ओळखायचे. बेकरीच्या काउंटरमागे त्यांनी अडतीस वर्षं काढली. पाव कागदात गुंडाळायचा, हातात द्यायचा आणि म्हणायचं, "आभारी आहे, पुन्हा या." गिऱ्हाईक गोड असो की खवट, तोंडातून तेच. त्यांचा नवरा रेमों छपरं शाकारायचा. मार्चमध्ये तो गेला.

लग्नाआधी याच रेमोंने त्यांना एका चित्रकाराच्या बागेतला आयरिस या फुलझाडाचा कंद आणून दिला होता. बाग तेव्हा ओसाड पडली होती, भिंत अर्धी ढासळलेली. रेमों ती भिंत चढून आत गेला आणि आल्याच्या तुकड्यासारखी मातकट गाठ घेऊन परत आला. त्या मुलखात सगळे मानतात की चोरलेलं रोप हमखास लागतं, आणि दिलेल्या रोपाचे आभार मानले की ते मरतं. मार्सेलीनने कंद मुकाट्याने घेतला. पन्नासाहून जास्त वर्षं दारात जांभळी फुलं आली. मग जिने चढवेनात म्हणून घर विकलं, आणि नव्या मालकाने मोटार उभी करायला तिथे खडी ओतली. आता रेमोंच्या थडग्याच्या उशाशी वीतभर माती मोकळी होती. तिथे त्याच बागेतला आयरिस लावायचा होता. बाजारातला त्यांना चालणार नव्हता.

सकाळी बस रुआं शहरात थांबली. कॅथेड्रलच्या दगडांवर अजून धुकं होतं. बघता बघता ऊन आलं आणि करडा दगड आधी गुलाबी, मग सायीच्या रंगाचा झाला. आत खिडकीच्या निळ्या काचेतून प्रकाश बाईंच्या हातांवर पडला. सुरकुतलेले ते हात आपले नव्हेतच, पाण्याखाली कुणा दुसरीचे आहेत, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांनी मेणबत्ती लावली.

"रेमोंसाठी?" बर्नादेतने विचारलं. ही त्यांची शेजारीण, जिभेची तिखट.

"नाही. माझ्यासाठी. दुपारी पाप करायचंय, त्याची माफी मागून ठेवली."

"पापाला आगाऊ नोंदणी लागते होय? मला तर कधी लागली नाही."

चित्रकाराची ती बाग आता नीट करून लोकांना बघायला खुली केली होती; दुपारी तिथे बाई मुद्दाम मागे राहिल्या. तळ्यावर कमळं निजल्यासारखी पसरली होती. विलोच्या झाडांच्या लोंबत्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या आणि पुलावरची माणसं उलटी होऊन पाण्यात चालत होती. ऊन, मधमाश्या, जेवणात घेतलेली सफरचंदाची दारू, सायडर. बाईंचे डोळे जडावले. भिंतीवर एकवीस वर्षांचा रेमों पाय हलवत बसला होता, गुडघा फाटलेला, हसत. त्या बघत राहिल्या. तो दिसेनासा झाला तेव्हा त्यांना चमच्याची आठवण झाली.

आयरिसची फुलं केव्हाच संपली होती. जुलैमध्ये दाटलेले कंद उपटून वेगळे करतात, तेच काम चाललं होतं. वाटेच्या कडेला ढकलगाडी उभी होती. बाई वाफ्याशी वाकल्या आणि चमचा मातीत खुपसला.

"बाई, काही पडलं का?" झुडपामागून माळी उठला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला.

"हो. माझा चमचा."

"तो तर तुमच्या हातात आहे."

बाईंचे कान लाल झाले. खोटं त्यांना जमलं नसतंच. त्यांनी भिंत, खडी, थडगं सगळं सांगून टाकलं. माळी ढकलगाडीकडे वळला. गाडीतला एक कंद निवडून त्याने पानं आखूड कापली, माती झटकली आणि तो बाईंच्या तळहातावर ठेवला.

"आभारी आहे, पुन्हा या," बाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि गोठल्या. माळीही त्याच मुलखातला होता. त्याचा चेहरा पडला.

"मेला हा," तो म्हणाला. त्याने तो कंद परत घेतला आणि कचऱ्याच्या ढिगावर टाकला. बाईंना हुंदका आला. इतक्या लांब येऊन स्वतःच्या जिभेने घात केला होता.

माळ्याने दुसरा कंद उचलला, तोही छाटला आणि गाडीच्या काठावर ठेवला.

"मला आता थोडा वेळ तिकडे तोंड करून काम आहे," तो म्हणाला. "गाडीकडे माझं लक्ष नसतं. चोऱ्या फार होतात हो इथे."

तो पाठमोरा वळून उगाच माती उकरत बसला. बाईंनी कंद उचलला, रुमालात बांधला. आता फक्त निघून जायचं होतं, एक शब्द न बोलता. पाय उचलेना. त्या वाकलेल्या पाठीबद्दल त्यांना इतकी माया वाटली की आभाराचे शब्द अगदी तोंडाशी आले. ओठ दातात धरून त्या फाटकापर्यंत चालत गेल्या.

परतीच्या बसमध्ये म्हातारे पेंगत होते. बाहेर सफरचंदांच्या बागा संथ मागे सरत होत्या.

"मिळालं ना? मग रडतेस कशाला?" बर्नादेतने विचारलं.

"रेमोंने कंद दिला तेव्हा आभार मानायचे नव्हते, म्हणून मानले नाहीत. मग बाकी कशाचेच मानले नाहीत. घरच्या माणसाचे कुठे मानतो आपण?"

बर्नादेत हळूच म्हणाली, "उद्या थडग्यावर जाशील तेव्हा सांग त्याला."

"कसं सांगू? रोप लावताना बोललं तर मरेल. एकदा फूल आलं की काही भीती नाही."

"आणि फूल कधी येणार?"

"दोन वर्षं तरी लागतील. कधी तीन."

"तोवर आपण असू का गं, मार्सेलीन?"

"तुझं तू बघ," बाई म्हणाल्या आणि रुमालाची गाठ दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "मला असावंच लागेल."