रिकाम्या रायफलीचा चाप

'शस्त्रमुक्त गाव' हे पत्रक मी लिहिलं. शिरपूरच्या बाजारात ते मीच वाटलं. तेव्हा आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रायफल होती. रानडुकरांसाठी, रीतसर परवान्याची. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं.

निवडणुकीत ती नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली. परत आली आणि थोड्याच दिवसांत बिघडली. गोळी आत सरकवणारा बोल्ट जोरात मिटला की चाप न ओढताच आतली पिन सुटायची. गोळी भरलेली असती तर आपोआप उडाली असती. मी आबांशी कडाडून भांडलो. शेवटी ते म्हणाले, "धुळ्याले दाखाडू. दुरुस्त नही व्हनी तर परवाना परत."

ती दुरुस्त होणार नाही, या आशेनेच मी सोबत गेलो.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांनी आधी रायफल रिकामी आहे ना ते पाहिलं, मग खोलली. "तेलाचा डिंक झालाय. आणि हा स्क्रू कुणी फिरवला?"

आबा छताकडे बघू लागले.

"आबा, ही बंदूक आहे, रेडिओ नाही," चाचा म्हणाले.

साफसफाई झाली, स्क्रू जागेवर आला. चाचांनी बोल्ट दणादण मिटून पाहिला, दस्त्यावर लाकडी हातोडी मारली. पिन सुटली नाही. मी हरलो होतो.

"आबांचं बोट आखडतं. तू ओढून बघ," म्हणत त्यांनी रिकामी रायफल माझ्या हाती दिली. नळी भिंतीकडे धरून मी चाप ओढला. तो जरा अडला आणि एकदम सुटला, हरभऱ्याचा घाटा दाताखाली फुटावा तसा. मी बोल्ट उघडून मिटला, पुन्हा ओढला. मग पुन्हा.

"जड वाटतो का?"

"थोडा हलका करा," मी म्हणालो.

"कुणाला मारायचंय?" चाचा हसले. "शेतावरच्या बंदुकीचा चाप जडच बरा."

आबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

परतताना सोनगीरला चहाला थांबलो. बशीत चहा ओतत आबा म्हणाले, "परवाना परत करी टाकू."

"आता तर चांगली झाली ना?"

"रायफल चांगलीच शे. मी तुन्हं तोंड देखं तठे."

मला गप्प बसता आलं असतं. पण मी बोलू लागलो. डुकरं मका झोपवतात, परवाना एकदा गेला की पुन्हा मिळत नाही, कपाटाला कुलूप असतंच. मोटारसायकलवर आबांच्या मागे बसूनही, वाऱ्यात, मी एकेक मुद्दा मांडत होतो. मुद्दे बिनतोड होते. पत्रकात मला इतके चांगले सुचले नव्हते.

आबांनी एकदाही मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी ते रायफल घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मला सोबत नेलं नाही.