शेरूने न ऐकलेला आवाज

आमच्या अधारतालच्या घरात किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. दारामागच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साचतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर पडतात. हे जनावरांचे आहेत. मधला एक तेवढा आमच्या ह्यांचा!

शेरू आमचा कुत्रा. गेटमधून निसटला की सरळ मेन रोडवर. तिथून रिछाईच्या कारखान्यांकडे ट्रक धावतात. हाक मारली तर मान पण वळवत नाही. मुलगा म्हणाला, "आई, हा एक दिवस ट्रकखाली येईल. बोलावल्यावर यायला शिकला तर ठीक, नाहीतर कुंडमला मामाकडे सोडून येतो." त्या दिवशी डाळ करपली माझ्याकडून.

नात मिनी जनावरांची डॉक्टरकी शिकून राहिली. ती देवघरातली घंटी घेऊन बसली. घंटी वाजवायची, लगेच बिस्कीट द्यायचं. शेरूने बिस्किटं सगळी खाल्ली, घंटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही!

"अगं, हा मंदिरामागे जन्मला," मी म्हटलं. "रात्रंदिवस घंटा ऐकली त्याने. त्यातून कधी काही मिळालं का त्याला?"

"अच्छा! म्हणून!" मिनी म्हणाली. "जो आवाज उगाचच रोज कानावर पडतो, त्यातून जनावर नवीन काही लवकर शिकत नाही, आजी."

मला माझ्या कुंडमच्या भावाचं बुजगावणं आठवलं. स्वतः बनवलेलं, इतकं आवडलं त्याला की पेरणीच्या आधीच शेतात उभं केलं. पाखरं त्याच्या खांद्यावर बसून ऊन खाऊ लागली. दाणा भरला तेव्हा कोण घाबरतंय! शेजाऱ्याने आपलं बुजगावणं ऐन दाण्याच्या वेळी उभं केलं. त्याच्याकडे पाखरू उतरेना. भावाला म्हणाला, "भैया, आपने तो पहले ही रिश्तेदारी करा दी!"

आमची मनी मांजर तर त्याहून पुढची. रोज दूध पिणारी. एकदा दुधावर पहिल्यांदाच पनीरचा तुकडा खाल्ला आणि ओकत बसली. पनीर आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं, कोणाला काही झालं नाही. नासलेलं होतं ते दूध! तरी दुसऱ्या दिवशी मनी दुधाच्या वाटीपाशी हजर. पनीर दिसलं की मात्र आजही पळते.

सून हसून म्हणाली, "आई, मी नवीन होते तेव्हा भाजी खारट झाली की सगळे माझ्याकडेच पाहायचे!"

मी चहा टाकायला उठले.

आता आमचे हे. फॅक्टरीतून रिटायर झाले, बोलणं अगदी मोजकं, तेही हळू. मी "अहो, जेवायला या" म्हणते, पेपर हलत नाही. सून एकदा "बाबा" म्हणते, हे ताटावर!

"काहून? माझा आवाज येत नाही का तुम्हाला?"

"तुझा सुरूच असतो," हे म्हणाले.

इकडे शेरूसाठी आवाज सापडेना. शिटी? दूधवाला मारतो. टाळी? भजनात वाजते. नाव तर सगळी गल्ली दिवसभर घेते. मिनी रडकुंडीला आली. "आजी, शेरूने कधी ऐकलाच नाही असा एक तरी आवाज आहे का या घरात?"

"आहे ना! तुझ्या आजोबांचा चढलेला आवाज!"

हे लाजत लाजत तयार झाले. अंगणात उभं राहायचं, जोरात "ये!" म्हणायचं आणि खिशातलं बिस्कीट द्यायचं. मी तेव्हा भजनाला गेलेली असायची. मिनी सांगायची, शेरू पटकन शिकून राहिला.

परवा गेट उघडं राहिलं. शेरू रोडच्या मधोमध, समोरून ट्रक! मुलगा ओरडला, सून ओरडली, गल्ली ओरडली. शेरू आपला जमीन हुंगत उभा.

व्हरांड्यातून ह्यांचा आवाज आला, "ये!"

शेरू वळला आणि सुसाट गेटच्या आत. ट्रक निघून गेला. मुलगा पायरीवरच बसला. "नाही पाठवत कुठे," एवढंच म्हणाला.

ह्यांनी खिशातून बिस्कीट काढून शेरूला दिलं. मग वर पाहिलं. कणकेने भरलेले हात घेऊन मी स्वयंपाकघरातून धावत येऊन समोर उभी.

ह्यांनी परत खिशात हात घातला, आणि दुसरं बिस्कीट माझ्यापुढे धरलं.